भाग्यपत्रिका कोणाची?

तुळजापूरचे वर्ष तिथींवर चालते. भाद्रपद वद्य अष्टमीला तुळजाभवानीची मूर्ती सिंहासनावरून पलंगावर नेतात आणि देवीची घोर निद्रा सुरू होते. आश्विन शुद्ध प्रतिपदेला ती पुन्हा सिंहासनारूढ होते, घट बसतात. दसऱ्याचे सीमोल्लंघन झाले की श्रमनिद्रा, ती पौर्णिमेपर्यंत. या तिथी कोणत्या तारखांना येतात यावर धाराशिव जिल्ह्यातले बरेच काही ठरते: एस.टी.च्या जादा गाड्या, दुकानदारांची खरेदी, पोलिसांचा बंदोबस्त, पायी निघणाऱ्या भक्तांचा मुक्काम. आणि त्या तारखा घरोघर कळतात त्या शेजारच्या सोलापुरातून निघणाऱ्या दाते पंचांगातून, किंवा १९७३ पासून भिंतीवर विराजमान झालेल्या कालनिर्णयातून.

घट अमुक दिवशी बसणार, हे सांगायला कोणाची परवानगी लागत नाही. ते गणित कोणीतरी खपून केलेले असते, छापलेले असते, विकत घेतलेले असते. तरीही तिथी विकत घेतली असे कोणी म्हणत नाही. पंचांगाचे पान प्रकाशकाचे, प्रतिपदा सर्वांची.

आता याच्या शेजारी दुसरे एक वेळापत्रक ठेवून पाहावे. अमुक शनिवारी अमुक मैदानावर अमुक दोन फुटबॉल संघ खेळतील. ही तारीख आकाशात नसते. कोणीतरी कार्यालयात बसून ती ठरवलेली असते. उद्या ते बदलूही शकतात. मग ती तारीख कोणाची? आपल्या लाडक्या संघाचे सामने कधी आहेत हे एखाद्या चाहत्याने स्वतःच्या पानावर लिहिले, तर त्याने कोणाच्या मालमत्तेला हात लावला काय?

प्रश्न पोरकट वाटतो. इंग्लंडमध्ये जवळजवळ अर्धशतक त्याचे उत्तर ‘होय’ असे होते.

महाराष्ट्रात क्रीडाशिक्षक सामन्यांच्या अशा मांडणीला ‘भाग्यपत्रिका’ म्हणतात. चिठ्ठ्या टाकून जोड्या लावल्या जात, त्यावरून पडलेले हे नाव. शब्द मोठा मार्मिक आहे, कारण या कथेची सुरुवातच नशिबावर पैसे लावणाऱ्यांपासून होते.

१९२३ साली जॉन मूर्स आणि त्याच्या दोन मित्रांनी इंग्लंडमध्ये लिटलवूड्स नावाचा ‘फुटबॉल पूल’ सुरू केला. आठवड्याच्या सामन्यांची यादी छापलेले कूपन घरोघर जाई. कोणता सामना बरोबरीत सुटेल, कोण जिंकेल, हे लोक खुणा करून कळवत आणि सोबत थोडे पैसे लावत. तीसच्या दशकात हा कामगार वस्त्यांचा साप्ताहिक नाद झाला. फुटबॉल लीगच्या धुरीणांना जुगाराचा तिटकारा होता. पण तिटकाऱ्याच्या पोटात एक व्यावहारिक खंतही होती. सामने आमचे, यादी आमची, आणि तिच्यावर गबर होतात ते दुसरेच.

लीगने मग जो उपाय केला, तो क्रीडा-इतिहासातल्या अजब निर्णयांत मोडावा. १९३६ च्या फेब्रुवारीअखेर लीगने हंगामाचे जाहीर झालेले वेळापत्रकच बाजूला सारले. २९ फेब्रुवारी आणि ७ मार्च या दोन शनिवारी कोण कोणाशी खेळणार हे क्लबांना अगदी तोंडावर कळवण्यात आले. यादीच नसेल तर कूपन छापणार कशावर, असा तो हिशोब होता. कूपनवाल्यांना थोडाफार फटका बसला असेल; प्रेक्षकांना मात्र सामना कोणाशी आहे हेच ठाऊक नव्हते, आणि ते घरी बसले. मैदाने ओस पडली, क्लब चिडले, आणि दोन आठवड्यांत लीगने माघार घेतली.

या फजितीत पुढच्या ऐंशी वर्षांच्या वादाचे बीज आहे. वेळापत्रकाचे मोल ते सर्वांना ठाऊक असण्यात असते. झाकून ठेवले तर ते मालकाच्याही उपयोगाचे राहत नाही. लीगला हवे होते ते काहीतरी निराळेच: सर्वांना ठाऊक असावे, पण वापरायचे तर पैसे मोजावे. असे विलक्षण कुलूप एकच कायदा देऊ शकत होता. स्वामित्वहक्काचा, म्हणजे कॉपीराइटचा.

यादी तयार होत होती कशी, हे पाहणे आवश्यक आहे. कारण न्यायालयानेही तेच पाहिले. लँकशरमधल्या रॉटनस्टॉल या गावचे वकील चार्ल्स सटक्लिफ हे लीगचे जुने कारभारी. वर्षानुवर्षे सारी भाग्यपत्रिका त्यांच्या हातची असे. साखळी सामन्यांचे गणित वरवर सोपे असते. वीस संघ, प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचे, एकदा घरी, एकदा परक्या मैदानावर: वीस गुणिले एकोणीस, ३८० सामने. अवघड असते ते पुढचे. एकाच शहरातले दोन क्लब एकाच दिवशी घरच्या मैदानावर नकोत. कोणालाही सलग तीन सामने घरी किंवा सलग तीन बाहेर नकोत. सणाच्या दिवसांत प्रवास लांबचा नको. एक सामना हलवला की दहा हलतात. सटक्लिफ यांनी यासाठी स्वतःचे तक्ते बसवले होते. १९३९ मध्ये ते वारले, आणि हे काम त्यांचे चिरंजीव हॅरोल्ड यांच्याकडे आले. घरातल्या पिढीजात पंचांगकर्त्यांसारखेच म्हणायचे.

१९५९ साली लीगने लिटलवूड्सवर दावा लावला. न्यायमूर्ती अपजॉन यांच्यासमोर यादी करण्याची सारी खटपट मांडण्यात आली, आणि १३ मे १९५९ रोजी त्यांनी निकाल दिला: या यादीमागे श्रम आहेत, कौशल्य आहे, विचार आहे; म्हणून ती वाङ्मयीन कृती ठरते आणि तिचा स्वामित्वहक्क लीगचा. कूपन छापायचे तर परवाना घ्यावा लागेल. त्यानंतर झालेल्या करारात पूलवाल्यांनी लावलेल्या रकमेचा अर्धा टक्का, आणि वर्षाला किमान २ लाख ४५ हजार पौंड, दहा वर्षे देण्याचे मान्य केले. ज्या जुगाराला लीग नाके मुरडत होती त्याच्याच पैशावर लीगची तिजोरी फुगू लागली. नीतीचा प्रश्न पावतीपुस्तकाने सोडवला.

‘वाङ्मयीन कृती’ या शब्दावर तरुण वाचक अडखळेल. सामन्यांची यादी आणि कादंबरी एका पंक्तीला? पण कायद्यात वाङ्मय म्हणजे जे लिहिलेले आहे ते. त्याचा दर्जा पाहिला जात नाही. तक्ते, याद्या, संकलने ही सारी त्यात बसतात. प्रश्न फक्त एवढाच उरतो की एखादी यादी कोणाची तरी ‘स्वतःची निर्मिती’ आहे, हे कशावरून म्हणायचे? गाळलेल्या घामावरून, की लावलेल्या बुद्धीवरून?

या प्रश्नाचे एक जुने, आणि लिटलवूड्सच्या निकालापेक्षा अधिक काटेकोर उत्तर मुंबईच्या एका खटल्यातून आले होते. मॅकमिलन या इंग्रज प्रकाशनसंस्थेने प्लुटार्कच्या अलेक्झांडर-चरित्राच्या सर टॉमस नॉर्थ यांनी केलेल्या जुन्या भाषांतरातून वेचे काढून, टिपा जोडून, एक शालेय पुस्तक काढले होते. मुंबईच्या के. अँड जे. कूपर यांनी त्याच मजकुराचे स्वतःचे पुस्तक विद्यार्थ्यांसाठी बाजारात आणले. खटला मुंबईहून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोहोचला आणि डिसेंबर १९२३ मध्ये लॉर्ड अ‍ॅटकिन्सन यांनी निकाल वाचला. मूळ भाषांतर कोणाच्याच मालकीचे उरलेले नव्हते. त्यातून काही भाग गाळून उरलेला छापला, एवढ्याने नवा हक्क उत्पन्न होत नाही. टिपांची गोष्ट वेगळी. त्यांत वाचन होते, निवड होती, विवेचन होते. तेथे मॅकमिलनचा हक्क मान्य झाला.

निकालाचा गाभा असा की श्रम, कौशल्य आणि भांडवल खर्चून हाती येणाऱ्या वस्तूत मूळ मालात नसलेला काही गुण उतरला पाहिजे. नुसते राबणे पुरेसे नाही. वसाहतीतल्या शालेय गाइडांच्या भांडणातून निघालेले हे सूत्र पुढे भारतीय न्यायालयांत वारंवार उद्धृत होत राहिले.

त्या काळी या सूत्राची सत्ता आजच्या धाराशिव जिल्ह्यावर मात्र नव्हती. १९१४ चा कॉपीराइट कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा. उस्मानाबाद निजामाच्या हैदराबाद संस्थानात. बार्शीतला छापखाना एका कायद्याखाली आणि काही कोसांवरच्या उस्मानाबादेतला दुसऱ्या सत्तेखाली, अशी ती सरहद्द होती. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आले, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला, आणि स्वतंत्र भारताचा स्वामित्वहक्क कायदा, १९५७ चा, २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. मुंबई आणि उस्मानाबाद यांच्या याद्यांना आता एकच कायदा लागू होता.

इंग्लंडकडे परत जाऊ. लिटलवूड्सच्या निकालानंतर वेळापत्रकाचा परवाना ही रूढी झाली, आणि रूढीचा धंदा झाला. वर्तमानपत्रे पैसे देऊ लागली, पूलवाले देतच होते. मग आंतरजाल आले. २००१ मध्ये इंग्लिश आणि स्कॉटिश लीगांच्या वतीने ‘फुटबॉल डेटाको’ ही संस्था उभी राहिली. आता यादी छापणारे फक्त मोठे व्यावसायिक उरले नव्हते. एखाद्या लहानशा क्लबवर जीव टाकणारा माणूस रात्री जागून संकेतस्थळ चालवी, त्यावर जुन्या सामन्यांच्या आठवणी लिही, आणि एका कोपऱ्यात पुढच्या सामन्यांच्या तारखा देई. त्या कोपऱ्यासाठी परवाना हवा, असा डेटाकोचा पवित्रा होता. कायद्याच्या अक्षराला धरून तो चुकीचा नव्हता. १९५९ चा निकाल जिवंत होता. पण ज्या निकालाचा रोख जुगाराच्या कारखान्यावर होता, त्याची धार आता तिकीट काढून सामन्याला येणाऱ्या माणसावरच आली. लीगच्या सामन्याची तारीख सांगून तो लीगचेच काम फुकट करत होता. १९३६ च्या ओस मैदानांची आठवण कोणाला राहिली नसावी.

हा डोलारा कोसळला तो चाहत्यांनी लढा दिला म्हणून नव्हे. युरोपच्या एका नव्या कायद्याने तो कोसळला, आणि तोही लीगांच्या स्वतःच्या लोभापायी.

मार्च १९९६ मध्ये युरोपीय संघाने डेटाबेसच्या रक्षणासाठी निर्देश काढला. त्यात दोन निरनिराळे हक्क होते. एक नेहमीचा स्वामित्वहक्क: माहितीची निवड वा मांडणी ही कर्त्याची बौद्धिक निर्मिती असेल तर. दुसरा अगदी नवा: माहिती मिळवण्यात, तपासण्यात किंवा सादर करण्यात भरीव गुंतवणूक केली असेल, तर त्या गुंतवणुकीचे रक्षण. लीगांना वाटले, हा तर आपल्यासाठीच शिवलेला अंगरखा. परदेशात परवाने देणाऱ्या ‘फिक्स्चर्स मार्केटिंग’ने फिनलंड, स्वीडन आणि ग्रीस या देशांतल्या सट्टा-संस्थांवर दावे लावले.

९ नोव्हेंबर २००४ रोजी युरोपच्या न्यायालयाने जी रेषा ओढली, ती ध्यानात ठेवण्याजोगी आहे. माहिती ‘मिळवणे’ आणि माहिती ‘निर्माण करणे’ या दोन गोष्टी आहेत. नवा हक्क मिळवणाऱ्यासाठी आहे. आधीपासून जगात असलेले सुटे तपशील जो शोधतो, गोळा करतो, पडताळतो, त्याचा खर्च कायदा राखतो. लीग सामन्याच्या तारखा शोधत नाही. ती त्या ठरवते. सामने भरवण्याच्या तिच्या मूळ कामातून यादी आपोआप बाहेर पडते. तेव्हा यादीसाठी वेगळी गुंतवणूक झालीच नाही, आणि संरक्षणही नाही.

येथे तुळजापूरच्या तिथीची तुलना उपयोगी पडते, आणि गंमत अशी की ती उलटी पडते. साधी बुद्धी सांगते की ज्याने तारीख स्वतः ठरवली त्याची तिच्यावर मालकी अधिक. ज्याने ती आकाशातून वाचली त्याची कमी. युरोपच्या न्यायालयाने नेमके उलटे तोलले. त्या तराजूत पंचांगकर्त्याचा दावा निदान वाद घालण्याइतका तरी जड भरावा. शिवाय पंचांगाच्या गणितातही निवड असतेच. अयनांश कोणते धरायचे यावर टिळक पंचांग आणि इतर पंचांगे यांत इतके अंतर पडते की कधी कधी अधिक महिनाच वेगळा येतो. आकाश एकच, पण दिवाळी दोन.

नवा हक्क हातचा गेल्यावर डेटाको जुन्याकडे वळली: ठीक आहे, मग साधा स्वामित्वहक्क तरी आमचा. इंग्लंडच्या एका हंगामात प्रीमियर लीगचे ३८० आणि खालच्या तीन विभागांचे प्रत्येकी ५५२, असे एकूण २०३६ सामने. त्यांची घडी बसवायला संगणक असला तरी माणसाचा अनुभव लागतोच, असा तिचा युक्तिवाद. प्रतिवादींत याहू होती, सट्टा चालवणाऱ्या कंपन्या होत्या. २०१० मध्ये इंग्लिश न्यायाधीशांना युक्तिवाद पटला. वरच्या न्यायालयाने शंका काढून प्रश्न युरोपकडे पाठवला. १ मार्च २०१२ रोजी उत्तर आले. किती श्रम केले, किती कौशल्य लागले, हा मुद्दाच नाही. मांडणी करताना कर्त्याला मोकळेपणी निवड करता आली का, त्यात त्याची स्वतःची मुद्रा उमटली का, एवढेच पाहायचे. मांडणी जर नियमांनी आणि तांत्रिक अडचणींनीच ठरत असेल, तर तेथे निर्मितीला जागा नाही. आणि सदस्य देशांनी आपल्या जुन्या कायद्याने वेगळे संरक्षण द्यायचे नाही.

म्हणजे सलग तीन सामने बाहेर नकोत, एका शहरातले दोन क्लब एकदम घरी नकोत, असे जे कडक नियम सटक्लिफ पितापुत्रांच्या कौशल्याची साक्ष म्हणून १९५९ मध्ये लीगच्या बाजूने उभे राहिले, तसलेच नियम २०१२ मध्ये तिच्या विरुद्ध उभे राहिले. जितके नियम अधिक, तितके काम अवघड. पण तितकेच कर्त्याचे स्वातंत्र्य कमी. घाम वाढतो, स्वाक्षरी पुसट होते. या खटल्यांतला हा उलटफेर सर्वांत मोलाचा आहे. लिटलवूड्सचा निकाल त्रेपन्न वर्षे टिकला.

भारतात फुटबॉलच्या यादीवर असा खटला गाजला नाही. पण यादीचा प्रश्न आला, आणि तोही जवळजवळ त्याच क्रमाने. १९५७ च्या कायद्यात वाङ्मयीन कृतीच्या व्याख्येत तक्ते आणि संकलने आहेतच, पुढे संगणकीय डेटाबेसही आले. १९९५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ‘बर्लिंग्टन होम शॉपिंग’च्या दाव्यात ग्राहकांच्या पत्त्यांची यादीसुद्धा वाङ्मयीन कृती मानली; एका माजी कर्मचाऱ्याने ती उचलली होती, आणि ती जमवण्यात कंपनीचा वेळ, पैसा, श्रम खर्ची पडले होते. हा घामाचा न्याय. मग १२ डिसेंबर २००७ रोजी, ‘ईस्टर्न बुक कंपनी’च्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने पारडे हलवले. न्यायालयांचे निकाल सर्वांचे. ते शुद्ध करून, संदर्भ दुरुस्त करून छापले म्हणून त्यावर हक्क सांगता येत नाही. परिच्छेद पाडणे, न्यायाधीशांची सहमती वा मतभेद दर्शवणे, यांत कौशल्य आणि विवेक असेल तर तेवढ्यापुरताच हक्क. घाम एकटा पुरत नाही, पण प्रतिभाही मागितली जात नाही, मधला मार्ग. मॅकमिलन-कूपर खटल्यातल्या टिपा आणि मजकूर यांच्या वाटणीशी हा निकाल ताडून पाहावा, म्हणजे चौऱ्याऐंशी वर्षांचे अंतर फारसे जाणवत नाही.

खेळाची माहिती म्हणून या देशात जी लढाई झाली ती अर्थातच क्रिकेटवर. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे मुख्यालय मुंबईचे. मंडळाने २०१२ मध्ये प्रक्षेपणाचे हक्क स्टार इंडियाला विकले, आणि त्यांत मोबाइलवरून धावसंख्या कळवण्याचे हक्कही मोजले. क्रिकबझ चालवणारी कंपनी, एक मोबाइल सेवा-कंपनी आणि आणखी एक सेवा-पुरवठादार मात्र लघुसंदेशांतून आणि संकेतस्थळावरून चेंडूगणिक धावा सांगत होते. स्टारचे म्हणणे, निदान पंधरा मिनिटे थांबा, मगच सांगा. एकलपीठाने अंतरिम आदेशात ते मान्य केले. चाहत्याच्या दृष्टीने पंधरा मिनिटांपूर्वीची धावसंख्या म्हणजे शिळी भाकरी. पण तोच तर मुद्दा होता, ताजेपणा विकण्याचा.

३० ऑगस्ट २०१३ रोजी न्यायमूर्ती रवींद्र भट आणि न्यायमूर्ती नजमी वझिरी यांच्या खंडपीठाने तो आदेश रद्द केला. चित्रण आणि समालोचन यांवर प्रक्षेपकाचा हक्क आहे, कायद्याने दिलेला आहे. पण चौकार गेला ही घटना आहे. ती हजारोंनी मैदानात आणि कोट्यवधींनी घरात पाहिली. घटनेवर स्वामित्वहक्क नसतो, आणि कायद्यात जो हक्क लिहिलेला नाही तो मागच्या दाराने, ‘ताज्या बातमीची मालकी’ अशा परक्या सिद्धान्ताच्या आधारे, आणता येणार नाही. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले; तरी खेळाच्या माहितीच्या मालकीची इतकी सविस्तर चर्चा भारतीय न्यायालयात क्वचितच झाली असेल.

योगायोग असा की त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत इंग्लंडच्या अपील न्यायालयाने डेटाकोला एका वेगळ्या खटल्यात विजय मिळवून दिला होता. तेथे प्रश्न यादीचा नव्हता, चालू सामन्यातल्या गोल, कार्ड, बदली खेळाडू यांच्या नोंदींचा होता. मैदानात निरीक्षक बसवून त्या टिपल्या जातात. म्हणजे ती माहिती ‘मिळवलेली’ झाली, निर्माण केलेली नव्हे, आणि म्हणून तिचा संच सुरक्षित. एकाच वर्षात, एकाच प्रकारच्या माहितीवर, लंडनमध्ये कुलूप आणि दिल्लीत उघडे दार. भारतात डेटाबेसचा तसला वेगळा हक्क मुळात नाहीच.

धाराशिव जिल्ह्याला फुटबॉलचे वेड फारसे नाही. ते कोल्हापूरला आणि मुंबईला. येथला खेळ खो-खो. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धांत भारतीय महिला संघाचे नेतृत्व करणाऱ्या आणि २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळवणाऱ्या सारिका काळे याच जिल्ह्यातल्या. खो-खोच्या तालुका-जिल्हा स्पर्धांत भाग्यपत्रिका अजूनही संघव्यवस्थापकांसमोर निघते. बाद फेरी की साखळी हे ठरते, संघ विषम असले तर कोणाला पुढे चाल मिळते, आणि मग त्या कागदाचा मोबाइलवर काढलेला फोटो अर्ध्या तासात गावोगाव पोहोचतो. तो पाठवणाऱ्याकडे परवाना मागावा असे कोणाच्या मनात येत नाही.

पण खो-खोही आता त्या जुन्या वाटेवर आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात अल्टिमेट खो-खो ही व्यावसायिक लीग सुरू झाली. सहा संघ, प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा: तीस साखळी सामने, वर बाद फेरीचे चार. तीस हा आकडा कोणाचा नाही, तो सहा गुणिले पाचचा आहे. लीगचे बोधचिन्ह, तिची रंगीत भित्तिपत्रे, तिचे चित्रण यांवर मालकी आहे आणि ती राखली जाईल. चाहत्याने ते उचलले तर तक्रारीला कारण आहे. सामना कधी, कोणाशी, हे त्याने आपल्या शब्दांत लिहिले, तर मॅकमिलन-कूपरपासून २०१३ पर्यंतचा सारा ओघ त्याच्या बाजूने आहे.

मालकीचा घोळ भारतीय फुटबॉलला मात्र दुसऱ्या टोकाने भोवला. २०१० च्या डिसेंबरात अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आपले व्यापारी हक्क पंधरा वर्षांसाठी ७०० कोटी रुपयांना दिले. त्यातूनच पुढे इंडियन सुपर लीग जन्मली आणि मुंबई सिटी, पुणे सिटी असे संघ उभे राहिले. कराराची मुदत डिसेंबर २०२५ मध्ये संपणार होती आणि नव्या कराराचे जमत नव्हते. जुलै २०२५ मध्ये लीग चालवणाऱ्या कंपनीने हंगाम स्थगित ठेवत असल्याचे क्लबांना कळवले. इंग्लंडमध्ये १९३६ साली सामने होते आणि यादी लपवलेली होती. त्या पावसाळ्यात मुंबईच्या चाहत्यांना आपापल्या पानांवर लिहायला लीगच्या सामन्याची एकही तारीख नव्हती.